लीच पॉटरीचा जग : दोन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या गावी, लीच पॉटरीत घडवलेला दगडी मातीचा, म्हणजे तीव्र आचेवर घट्ट भाजलेल्या मातीचा, एक जग गेली दोन वर्षे माझ्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात रोज वापरात आहे. सकाळी त्यात पाणी असते, दुपारी ताक, उन्हाळ्यात पन्हे, आणि पाहुणे जेवायला असले की सोलकढी. त्यामुळे हे लेखन फडताळात जपून ठेवलेल्या शोभेच्या वस्तूविषयी नाही. हाताने घडवलेल्या भांड्यासाठी कारखान्यातल्या भांड्याच्या अनेक पट पैसे का मोजावेत, असे मला घरी येणारी माणसे नेहमी विचारतात. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून हे भांडे आणि ते घडवणारे हात यांच्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

आधी मापे सांगते. उंची १७ सेंटीमीटर, गळ्यापर्यंत भरल्यास ९०० मिलिलिटर पाणी मावते आणि रिकाम्या भांड्याचे वजन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८२० ग्रॅम भरते. पोट खालच्या तिसऱ्या भागात सर्वांत रुंद आहे, तिथून ते गळ्याकडे सावकाश निमुळते होते आणि काठाशी पुन्हा किंचित उमलते. बाहेरून आणि आतून काळी-तांबूस झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा झालेला लेप, आहे. तळाचे कडे मात्र कोरडे, भाजलेल्या मातीच्या रंगाचे ठेवलेले आहे. नक्षी नाही, चित्र नाही.

या भांड्याचा पहिला गुण त्याच्या चोचीत आहे. पातळ पदार्थ वेगाने ओतला की तो कुठल्याही भांड्यातून बऱ्यापैकी पडतो. अडचण येते ती हात आवरता घेताना, कारण धार मंदावली की पाणी काठाला चिकटते, चोचीच्या खालच्या वळणावरून मागे येते आणि पोटावरून ओघळत टेबलावर उतरते. हे टाळायचे असेल तर चोचीचा अगदी शेवटचा काठ बारीक आणि धारदार असावा लागतो, त्याच्या लगेच खाली माती आत वळलेली असावी लागते, आणि पोटातून येणारा प्रवाह चोचीपर्यंत पोचण्याआधी गळ्यात एकवटावा लागतो. यातले काहीही नंतर दुरुस्त करता येत नाही. चाकावरून भांडे उतरण्याआधी, काठ अजून ओला असताना, कुंभार एका हाताच्या दोन बोटांनी काठ दोन बाजूंनी धरतो आणि दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाने मधली माती हलकेच बाहेर ओढतो. सारी चोच त्या चार-पाच क्षणांत घडते. बोट थोडे जास्त दाबले गेले तर चोच लोंबते, कमी दाबले गेले तर काठ जाड राहतो, आणि जाड काठावर झिलई चढली की तो आणखी गोल होतो.

याआधी पुण्यातल्या एका प्रदर्शनातून मी एक सुंदर निळा जग घेतला होता. रंग, आकार, घाट सगळे मनासारखे होते, पण ताक वाढताना दर वाटीमागे एक ओघळ ठरलेला असे. कुणाचे काम होते ते इथे सांगण्याचे कारण नाही. त्या अनुभवाने मला एवढे शिकवले की मातीचा जग घेताना आधी चोचीच्या काठावरून अंगठा फिरवून पाहावा आणि रंगाकडे नंतर वळावे. सेंट आइव्हजच्या जगातून मी आजवर ताक, दूध, पन्हे, पातळ आमटी आणि एकदा कोमट तूपही ओतले आहे. मनगट सरळ केले की धार तुटते. दाट ताकाचा एखादा थेंब कधीतरी चोचीच्या टोकावर थांबतो, पण तो तिथेच थांबतो.

मूठही ओढून केलेली आहे, साच्यातली नाही. मातीचा निमुळता लोळा एका हातात उलटा धरून, दुसरा हात पाण्यात भिजवून, गाईची धार काढावी तसा तो लोळा पुन्हा पुन्हा खाली ओढत नेतात. मातीतले कण त्या दिशेने जुळून बसतात आणि पट्टी मध्ये जाड, कडांना पातळ होत जाते. मग ती भांड्याच्या गळ्याशी चिकटवून तिला वळण देतात आणि खालचे टोक पोटावर अंगठ्याने दाबून बसवतात. माझ्या भांड्यावर तो अंगठ्याचा दाब झिलईखाली स्पष्ट दिसतो. माझी चारही बोटे मुठीत मावतात आणि मधले बोट भांड्याच्या अंगाला लागत नाही, ही गोष्ट गरम दूध ओतताना फार महत्त्वाची ठरते. वरचा जोड गळ्याच्या बराच वर असल्याने भरलेले भांडे उचलताना मनगटावर ताण कमी येतो. तरीही पावणेदोन किलोंच्या आसपास वजन एका हाताने पेलायचे असते, हे ध्यानात घ्यायला हवे. माझ्या सासूबाई ते दोन्ही हातांनी धरतात आणि मी ते कधीच अर्ध्याहून अधिक भरून त्यांच्यासमोर ठेवत नाही.

झिलईबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. या काळ्या झिलईला जपानी परंपरेत तेन्मोकू म्हणतात. तिच्यात फेल्डस्पार, चुना आणि वाळूची गार यांच्याबरोबर सुमारे आठ ते दहा टक्के लोहाचा अंश असतो, आणि भट्टीत प्राणवायू मुद्दाम कमी ठेवून १२८० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत ती वितळवली जाते. जिथे थर जाड बसतो तिथे ती काकवीसारखी काळी आणि खोल दिसते. जिथे तो पातळ होतो, म्हणजे काठावर, मुठीच्या कडांवर आणि बोटांच्या उठलेल्या वळ्यांवर, तिथे लोह विटकरी तांबडे होऊन वर येते. त्यामुळे या भांड्यावरचे सगळे रेखाटन चाकाने आणि बोटांनीच केलेले आहे असे म्हणता येईल. पावसाळ्यातल्या मंद उजेडात ते जवळजवळ एकरंगी दिसते, आणि डिसेंबरच्या सकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले की चाकाची एकेक फेरी मोजता येते. मला ते हिवाळ्यातच अधिक आवडते.

आपल्याकडे मातीचे भांडे म्हटले की माठ डोळ्यांसमोर येतो, आणि म्हणून काही जणांनी हा जग घेऊन त्यात पाणी गार होत नाही अशी तक्रार माझ्यापाशी केली आहे. ती अपेक्षा चुकीची आहे. माठ कमी आचेवर भाजलेला असतो, त्याची माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. दगडी माती तेराशे अंशांच्या जवळ पोचते तेव्हा तिचे कण अर्धवट वितळून एकमेकांत मिसळतात आणि भांडे पाझरेनासे होते. नात्याने हा जग माठापेक्षा आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जवळचा आहे. आजीच्या फडताळातली पांढरी-तपकिरी बरणी याच जातीच्या मातीची, आणि मीठ, तेल, आंबट यांपुढे ती टिकते ती याच कारणाने. माझ्या जगात ताक दिवसभर राहिले तरी झिलईवर डाग उमटलेला नाही, आमसुलाच्या रंगाची छटाही धरलेली नाही आणि धुतल्यावर वास उरत नाही.

मात्र याच पॉटरीची जुनी भांडी कुणी लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात घेणार असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथे दगडी मातीबरोबरच कमी आचेची, पिवळसर-तपकिरी झिलईची भांडीही होत असत, आणि त्या झिलईत गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज वापरले जाई. ते जग दिसायला अत्यंत देखणे आहेत, मध्ययुगीन इंग्रजी सुरयांचा घाट त्यांच्यात उतरलेला आहे. पण आंबट पदार्थ शिसे ओढून घेतात, आणि आपले निम्मे खाणे चिंच, कोकम आणि ताक यांवर चालते. अशा जगात फुले ठेवावीत, पन्हे ठेवू नये.

आता घडवणाऱ्यांविषयी. बर्नार्ड लीच यांचा जन्म १८८७ साली हाँगकाँगमध्ये झाला, बालपणाचा काही काळ जपानात गेला, आणि तरुणपणी ते कोरीव चित्रमुद्रण शिकवण्याच्या इराद्याने पुन्हा जपानला गेले. तिथे १९११ साली एका मेळाव्यात जमलेल्या कलावंतांनी गंमत म्हणून कोऱ्या भांड्यांवर चित्रे काढली आणि ती तासाभरात भाजून हातात मिळाली. त्या अनुभवाने लीच मातीकडे वळले आणि केन्झान या जपानी कुंभार-परंपरेतले सहावे वारस, म्हणजे सहावे केन्झान, यांच्याकडे शिकू लागले. १९२० साली ते शोजी हामादा या तरुण जपानी कुंभाराला बरोबर घेऊन कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावी आले आणि दोघांनी स्टेनॅक ओढ्याकाठी पॉटरी उभारली. पुढे मात्सुबायाशी या जपानी तज्ज्ञाने तिथे उतारावर चढत जाणारी तीन दालनांची भट्टी बांधली. पाश्चात्त्य जगात अशा प्रकारची ती पहिली भट्टी मानतात. हामादा परत गेले, माशिको या गावी स्थायिक झाले आणि जपानचे अग्रगण्य कुंभार ठरले.

हा इतिहास बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. माझ्या जगाचा खरा वंश मात्र बर्नार्ड यांच्यापेक्षा त्यांचे थोरले चिरंजीव डेव्हिड यांच्याकडे जातो, आणि याबद्दल पुरेसे बोलले जात नाही, असे मला वाटते. बर्नार्ड विचार करणारे, लिहिणारे, कुंचल्याचे उत्तम जाणकार होते, पण पॉटरीची आर्थिक घडी बसत नव्हती, भट्टीतून निघणाऱ्या मालातला बराचसा वाया जात होता. डेव्हिड १९३० साली कामाला लागले आणि पुढे दोन वर्षे स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या तांत्रिक महाविद्यालयात मातीचे शास्त्र शिकायला गेले. ज्या यांत्रिक उद्योगाचा बर्नार्ड यांना मनापासून तिटकारा होता, त्याच उद्योगाच्या गावी मुलाने शिकावे हे त्यांना रुचले नव्हते. परत आल्यावर डेव्हिड यांनी माती बदलली, लाकडाऐवजी तेलावर भट्टी चालवली, गावातल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले, आणि ठरावीक मापांची, ठरावीक आकारांची रोजच्या वापराची भांडी सुरू केली. वाडगे, झाकणाची भांडी, कप, जग यांची छापील सूचिपत्रके निघू लागली आणि टपालाने मागण्या येऊ लागल्या. 'स्टँडर्ड वेअर' या नावाने ती आजही ओळखली जातात.

या भांड्यांवर घडवणाऱ्याचे नाव नसे. बर्नार्ड यांच्या स्वतःच्या कामावर त्यांच्या आद्याक्षरांचा ठसा आणि जोडीला पॉटरीचा ठसा असे. स्टँडर्ड वेअरवर फक्त पॉटरीचा, म्हणजे सेंट आइव्हजची दोन आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेला आणि दोन ठिपके असलेला ठसा उमटवत. विल्यम मार्शल १९३८ साली गावातून उमेदवार म्हणून आले आणि सुमारे चार दशके तिथे राहिले. बर्नार्ड यांच्या उतारवयात त्यांची मोठी भांडी चाकावर मार्शल काढत आणि बर्नार्ड त्यांवर कुंचला चालवत. त्या भांड्यांना लिलावात येणारी किंमत बर्नार्ड यांच्या ठशामुळे येते. त्यांच्या नजरेची थोरवी मी मान्य करते, तरी चोच, गळा आणि मूठ यांचे जे ज्ञान आज माझ्या ताकाच्या धारेत उतरते, ते एकच आकार दिवसाला कित्येक वेळा काढणाऱ्या त्या निनावी हातांनी जमवलेले आहे, अशी माझी ठाम धारणा आहे. हामादा आणि लीच यांचा स्नेही सोएत्सु यानागी याने नाव नसलेल्या कारागिराचे जे तत्त्वज्ञान मांडले, ते पॉटरीच्या मालकाच्या भांड्यांपेक्षा तिच्या उमेदवारांच्या भांड्यांत अधिक खरे उतरले.

बर्नार्ड १९७९ साली वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी जॅनेट, ज्या स्वतः समर्थ कुंभार होत्या, १९९७ पर्यंत तिथे काम करत राहिल्या, पण स्टँडर्ड वेअर थांबले. पुढे जागा वाचवण्याची मोहीम झाली, दुरुस्ती झाली आणि २००८ साली पॉटरी संग्रहालय आणि चालू कार्यशाळा अशा दोन्ही रूपांत पुन्हा उघडली. आज तिथे वाणसामानासारखी रोजच्या वापराची भांडी पुन्हा होतात, नवे उमेदवार शिकतात आणि भांड्यांवर तोच जुना ठसा उमटतो.

मी तिथे गेले ती मुलीकडे इंग्लंडला गेले असताना. सेंट अर्थ स्थानकावर गाडी बदलली की खाडीच्या कडेकडेने जाणारी छोटी रेल्वे सेंट आइव्हजला पोचवते, आणि तिथून स्टेनॅकचा चढ चढून पॉटरी गाठावी लागते. जुनी भट्टी आता थंड आहे, तिच्या दालनांत वाकून पाहता येते आणि विटांवर वर्षानुवर्षे चढलेली काच हाताला लागते. शेजारच्या नव्या कार्यशाळेत एक तरुण मुलगी जग काढत होती. मातीचा गोळा तोलून घेणे, मध्यावर आणणे, उभा करणे, गळा आवळणे, चोच ओढणे. एक झाला की फळीवर ठेवून दुसरा. प्रत्येकाची उंची ती खुंटीला बांधलेल्या काडीशी पडताळत होती, कारण वाळताना आणि भाजताना माती एकूण दहा-बारा टक्के आटते आणि ओल्या भांड्याचे माप पक्क्या भांड्याच्या मापावरून उलटे काढावे लागते. मी अर्धा तास उभी राहिले. त्या वेळात तिने एक जग मोडून पुन्हा मातीच्या ढिगात टाकला. तो मला इतरांसारखाच दिसला होता.

दुकानात एकाच मापाचे सात-आठ जग ओळीने मांडलेले होते आणि कोणतेही दोन तंतोतंत सारखे नव्हते. मी प्रत्येक उचलून पाहिला आणि ज्याची मूठ हाताला बसली तो घेतला. अशी खरेदी चित्र पाहून, घरबसल्या करता येते, पण करू नये असे मी सांगेन. किंमत आपल्या मानाने जड आहे. त्या पैशांत पुण्यात स्टीलचे अर्धा डझन उत्तम जग येतील आणि ते पडले तर फुटणार नाहीत. हा जग चुलीवर ठेवता येत नाही, फ्रिजमधून काढून त्यात उकळते पाणी ओतू नये, आणि स्टीलच्या पिठाच्या चाळणीशेजारी तो ठेवू नये. मागच्या वर्षी माझ्याच हातून तो पितळी नळाला लागला आणि चोचीच्या डाव्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला; धार अजून सरळ पडते, पण दर वेळी नजर तिकडे जाते आणि वाईट वाटते. घासायला काथ्या किंवा मऊ स्पंज पुरतो, तारेची घासणी नको.

ज्यांना एवढ्या दूर जायचे नाही त्यांच्यासाठी याच परंपरेचे धागे भारतात आहेत. सरदार गुरचरण सिंग १९२० च्या सुमारास जपानात शिकत असताना लीच, हामादा आणि यानागी यांच्या वर्तुळात वावरले आणि परतल्यावर दिल्लीत त्यांनी निळ्या झिलईच्या भांड्यांचे काम उभे केले. त्यांच्या घराण्याची पॉटरी हिमाचलातल्या अंद्रेट्टा इथे आहे. पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि देशातल्या दगडी मातीच्या आजच्या कुंभारांपैकी कितीतरी जण तिथे शिकलेले आहेत. मुंबईजवळ भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित यांनी झिलईच्या भांड्यांत आयुष्य घातले, त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. कुठेही घ्या, पण दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागून जग भरा आणि ओतून पाहा. चांगला कुंभार या मागणीने नाराज होत नाही.

टवका उडाल्यावर तो घासून बोथट करता येईल का, हे विचारायला मी जग घेऊन कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेले होते. तिथल्या एका वयस्क काकांनी तो हातात घेतला, माठ पाहतात तसा बोटाच्या पेराने वाजवला, उलटा करून तळाचे कडे पाहिले आणि मग आत हात घालून बोटे तळापासून वर फिरवली. ताई, हे चाक आमच्या उलट अंगाने फिरले आहे, असे ते म्हणाले. इंग्लंडात चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवतात हे मी वाचलेले होते, पण दोन वर्षे रोज धुऊनही आतल्या वळ्यांची दिशा माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी टवक्यावर बारीक कुरुंदाचा दगड चार वेळा हलकेच फिरवला, पैसे घेतले नाहीत, आणि माठाजवळच्या बादलीतून जग भरून तो दोनदा ओतून पाहिला.